वाळीत टाकलेला कान

दुपार असूनही थाओ-केंगच्या खोऱ्यात तिन्हीसांजेचा काळोख उतरला होता. वादळ किनाऱ्याला लागले होते. डोंगरापर्यंत पोचता पोचता त्याचा वारा थोडा थकला होता, पाऊस मात्र थकला नव्हता. दरीच्या अलीकडच्या काठावर, पटसंख्येअभावी बंद पडलेल्या शाळेच्या एका वर्गात निरीक्षणकेंद्र होते आणि तेथे योऊ वान-जू संगणकापुढे एकटी बसली होती. पलीकडचा डोंगर, त्याच्या अंगावरचे चहाचे मळे, मळ्यांच्या पायाशी वसलेली घरे, सारे धुक्याने गिळले होते. त्या डोंगराची तिला दिसणारी एकमेव खूण म्हणजे संगणकावरचे हिरवे ठिपके.

त्या उतारावर जागोजागी मुठीएवढे बिनतारी संवेदक बसवलेले होते. माती किती भिजली, किती कलली, किती सरकली, हे ते ऐकत, आणि एकाने दुसऱ्याच्या कानी घालत ते वृत्त केंद्रापर्यंत पोचवीत. गावकरी त्यांना 'कान' म्हणत. वान-जूकडे मात्र कानांचे काम नव्हते, किल्ल्यांचे होते. प्रत्येक कान आपला निरोप एका गुप्त किल्लीने मुद्रांकित करून पाठवी, आणि ती मुद्रा ओळखीची असेल तरच शेजारचा कान तो निरोप पुढे नेई. किल्ल्या घडवाव्या, वाटाव्या, जुन्या झाल्या की परत घ्याव्या, आणि एखाद्या कानाविषयी संशय आला तर त्याची किल्ली रद्द करून त्याला वाळीत टाकावे, असा तिचा अधिकार होता. अधिकार म्हणण्यापेक्षा ते ओझेच होते, हे तिला गेल्या हिवाळ्यात कळले होते.

हिरव्या ठिपक्यांच्या शेजारी नाकारलेल्या निरोपांची एक पेटी होती; कानांनी पुढे न नेलेला निरोप नुसती नोंद म्हणून तिच्यात पडे. तिच्याकडे सहसा कोणी पाहत नसे. आज तिच्यात एकच ओळ पुन्हा पुन्हा उमटत होती. निरोप अकराव्या कानाचा होता: माथ्याची माती सरकत आहे. मुद्रा जुन्या किल्लीची होती.

वान-जूने खुर्ची पुढे ओढली.

अकरावा कान सगळ्यांत वर होता, भूमिदेवाच्या देवळामागे, जिथे डोंगराला पहिली भेग पडेल असा भूगर्भतज्ज्ञांचा कयास होता. तो गेल्या हिवाळ्यापासून मुका होता. बॅटरी संपली असावी, पावसाळा सरला की वर जाऊन पाहू, असे तिने ठरवले होते. आणि आता तो ओरडत होता, आणि ओरडत होता त्याच किल्लीने, जी चोराच्या हाती गेली होती.

ती चोरी हिवाळ्यातली. उतारावरचा एक कान कोणीतरी उपटून नेला, त्याच्या पोटातून किल्ली काढली आणि तिच्या बळावर डोंगर कोसळत असल्याचा निरोप पाठवला. मुद्रा अस्सल होती. सगळ्या कानांनी तो निरोप निमूटपणे पुढे नेला, आणि वान-जूने भोंगा वाजवला. माणसे अंथरुणातून उठून धावली. शाळेच्या पायऱ्या चढताना सरपंच श्ये यांच्या आईला छातीत कळ आली आणि तिथेच, मुलाच्या हाताला धरून, म्हातारी गेली. डोंगर तसूभरही हलला नव्हता. चोर शेवटपर्यंत सापडला नाही.

त्यानंतर वान-जूने सगळ्या कानांना नव्या किल्ल्या वाटल्या, सगळ्यांची सामायिक असलेली जुनी किल्ली रद्द केली, आणि नवा नियम आपल्या हाताने लिहिला: नव्या मुद्रेचे दोन निरोप दोन निरनिराळ्या कानांकडून आल्यावाचून भोंगा वाजणार नाही. जो कान नवी किल्ली घेणार नाही, त्याला शेजाऱ्यांनी विसरून जावे. नियम उत्तम होता. आज त्या नियमाच्या पलीकडून कोणीतरी हाका मारत होते.

तिने शहरातल्या कार्यालयात काओ साहेबांना फोन लावला.

"बोल वान-जू," साहेब म्हणाले. त्यांच्यामागे आणखी चार फोन वाजत होते. "तुझा डोंगर ठीक आहे ना? निदान एक तरी डोंगर ठीक असू दे बाई."

"साहेब, अकरावा बोलायला लागलाय. माथा सरकतोय म्हणतोय."

"अकरावा मेला होता ना?"

"मुका होता. आज एकदम बोलतोय. पण जुन्या किल्लीने."

"म्हणजे आपला तो हिवाळ्यातला पाहुणा परत आलाय."

"तसंही असेल."

"तसंच आहे. वादळाच्या दिवशी घबराट उडवायची, हीच तर त्याची हौस. बाकीचे कान काय म्हणतात?"

"शांत आहेत. दहावा, नववा, सगळे."

"मग झालं तर."

"पण साहेब, भेग माथ्यावर पडली तर खालच्यांना उशिरानेच कळणार. पहिला तोच सांगणार."

"अगं, नियम तूच लिहिलास ना? मी सही करताना तूच सांगितलंस, साहेब, रद्द किल्लीचा निरोप म्हणजे कचरा. मागच्या खेपेला वरपासून खालपर्यंत सगळ्यांनी माझी पूजा बांधली, आठवतंय? अजून अंगावरचा गुलाल गेला नाही. पुन्हा एखादी म्हातारी गेली तर तू आणि मी दोघंही तोंड दाखवू शकणार नाही. फोन ठेवू नको, दुसऱ्या लाइनवर राहा. काही बदललं तर सांग."

वान-जूला त्यांचा राग आला नाही. ते म्हणत होते त्यातला प्रत्येक शब्द तिचाच होता. तिची भीती दोन तोंडांची होती. भोंगा वाजवला तर म्हातारीची ती पांढरी पडलेली मुद्रा डोळ्यांपुढे येई. न वाजवला तर तीच घरे, मळ्यांच्या पायाशी, चिखलाखाली. मनुष्य एका भयापासून पळू शकतो. दोन्ही बाजूंनी आलेल्या भयाच्या मध्ये तो नुसता उभा राहतो, तशी ती उभी होती.

देवळाशेजारी मू-शेंग काकांचे घर होते. देवाची दिवाबत्ती तेच करीत. केंद्राच्या फोनवर त्यांचा क्रमांक होता, कारण काकांना दर आठवड्याला काही ना काही विचारायचे असे. तिने तो लावला.

"कोण, किल्लीवाली पोरगी?" काकांच्या आवाजात वाऱ्याचा घुमारा मिसळला होता. "जेवलीस का गं? अशा पावसात तरी गरम काहीतरी खा. तो डब्यातला गार भात खाऊन तुझं पोट बिघडेल."

"काका, तुम्ही कुठं आहात?"

"चहाच्या मळ्यात. देवाचं घर शोधतोय. मिळालं बघ, झुडपात अडकलं होतं. एक कोपरा चेपलाय नुसता."

"देवाचं घर?"

"म्हणजे देवाच्या कानाचं. ते तुमचं यंत्र नाही का देवळामागे, त्याचं घर. सकाळी वाऱ्यानं उचलून नेलं."

वान-जूने टेबलाची कड धरली. "काका, त्या यंत्रावर घर कोणी बांधलं?"

"आम्हीच बांधलं. सरपंचाची आई गेली ना, तेव्हा सगळे म्हणाले, देव रागावला. इतकी वर्षं तो कान उघड्यावर ऊनपाऊस खातोय, कोणाला लाज नाही, म्हणून त्यानं खोटं ऐकलं. मग वर्गणी काढली. चांगलं जाड पोलादी पत्र्याचं घर केलं, चारही बाजूंनी बंद, पुढे छोटं दार, दाराला लाल कापड. तुला सांगणारच होतो. पण तू म्हणाली असतीस, काका, यंत्राला हात लावू नका." काका मिश्कीलपणे हसले. "लावला. तू काय करणार?"

वान-जूच्या डोळ्यांपुढे तो हिवाळा उलगडत होता. ती या खुर्चीत बसून नव्या किल्ल्या पाठवीत होती, एका कानाकडून दुसऱ्याकडे, पायरीपायरीने वर, आणि त्याच दिवसांत डोंगरमाथ्यावर भाविक माणसे एका यंत्रावर पोलादी गाभारा बसवीत होती. पोलादातून बिनतारी शब्द आत जात नाही, बाहेरही येत नाही. अकराव्या कानाला नवी किल्ली कधी ऐकूच आली नव्हती. त्या बंद गाभाऱ्यात तो जुनी मुद्रा उरावर धरून बसून राहिला होता, आणि शेजाऱ्यांनी तिच्याच आज्ञेने त्याला विसरून टाकले होते. आज वाऱ्याने ते घर उडवले आणि त्याला पुन्हा जग ऐकू येऊ लागले. जगाने त्याला ओळखले नाही.

तरीही ही केवळ एक शक्यता होती. कान मोकळा झाला म्हणून चोर गेला असे होत नाही. जुनी किल्ली दोघांपाशी होती. एक साधू, एक भोंदू, आणि दोघांच्या अंगावर तीच वस्त्रे. कोण बोलतो आहे हे या खोलीतून कळण्याचा उपाय नव्हता.

"काका," ती म्हणाली, "देवळामागची जमीन कशी दिसते?"

"ओली. आणखी कशी दिसणार?"

"भेग वगैरे?"

"धुकं इतकं आहे पोरी, माझेच पाय मला दिसत नाहीत. थांब, हे घर परत बसवतो आणि मग बघून सांगतो."

तेव्हा तिच्या ध्यानात आले. काकांनी ते पोलादी घर पुन्हा यंत्रावर ठेवले, आणि त्याच क्षणी निरोप थांबले, तर बोलणारा अस्सल होता. न थांबले, तर बोलणारा चोर, कुठेतरी दूर सुखरूप बसलेला. किल्लीने जे सिद्ध होत नव्हते ते एका चेपलेल्या पत्र्याने सिद्ध होणार होते. फक्त त्यासाठी एका म्हाताऱ्या माणसाने त्या जागी जायला हवे होते, जी जागा सरकत असल्याचे तिला भय होते. तिने नुसते गप्प राहायचे होते. काका आपणहून निघालेच होते.

किती मोह पडावा अशी ती गोष्ट होती. आणि तो मोह आपल्याला पडला, एका श्वासापुरता का होईना पडला, हे वान-जूला पुढे कधी विसरता आले नाही.

"जाऊ नका," ती म्हणाली. "काका, ऐका. वर जाऊ नका. ते घर तिथंच टाका आणि खाली या, आत्ताच्या आत्ता."

"अगं, देव भिजतोय."

"देवाला भिजू दे. तुम्ही खाली या."

"असं बोलू नये, पोरी. तू शिकलेली आहेस म्हणून देव ऐकून घेतो," काका समजुतीने म्हणाले. "पाच मिनिटांचं काम आहे. दोर आणलाय मी." मग वाऱ्याचा एक मोठा झोत, आणि पुढे नुसती खरखर. तिने पुन्हा लावला. फोन लागत नव्हता.

पेटीतली ओळ उमटत राहिली. माथ्याची माती सरकत आहे. पुन्हा तीच. पुन्हा. आयुष्यात प्रथमच वान-जू मनोमन प्रार्थना करीत होती की बोलणारा चोर असावा. तो पापी, तो खुनी चोर दूर शहरात एखाद्या गरम खोलीत बसलेला असावा आणि त्याने बोलत राहावे. जोवर ती ओळ उमटत होती तोवर काका तिथे पोचले नव्हते, किंवा निरोप खोटा होता. दोन्हींतले काहीही चालले असते.

ओळ थांबली.

तिने वाट पाहिली. पेटी कोरी राहिली. दहावा हिरवा, नववा हिरवा, सगळा उतार शांत, हिरवागार.

"वान-जू?" दुसऱ्या लाइनवरून काओ साहेब बोलले. "माझ्याकडे पण दिसतंय. थांबला ना? बघ, दमला भामटा. मी सांगत नव्हतो?"

"साहेब, तो दमला नाही. त्याच्यावर कोणीतरी झाकण ठेवलं."

"काय?"

"म्हणजे तो खरा आहे. आणि मू-शेंग काका आता तिथं त्याच्या शेजारी उभे आहेत."

"तू काय बोलतेस मला कळत नाही. दुसरा कान बोलल्याशिवाय हात लावू नको. वान-जू, हा माझा..."

तिने भोंग्याची कळ दाबली.

दरीच्या पलीकडून तो आवाज उठला आणि पावसाला चिरत इकडे आला. हिवाळ्यानंतर प्रथमच तो वाजत होता. वान-जू खाली बसली. तिने जे मानले त्यात कोठेही छिद्र असू शकत होते. बॅटरी त्याच क्षणी संपली असेल. चोराला त्याच क्षणी झोप आली असेल. नव्या मुद्रेचा एकही निरोप तिच्यापाशी नव्हता.

फोन खणखणला. तो सरपंच श्ये यांचा होता, आणि त्यांचा आवाज भयंकर शांत होता.

"किल्लीवाल्या बाई. या खेपेस कोणाची आई हवीये?"

वान-जूने डोळे मिटले. "सरपंच, सगळ्यांना पुलावरून इकडे आणा."

"मशीन बोललं का?"

"नाही. मशीन म्हणतंय सगळं ठीक आहे."

पलीकडे श्वास ऐकू येत होता.

"मी म्हणतेय," वान-जू म्हणाली. "खोटं निघालं तर या शाळेच्या पायरीवर सगळ्यांसमोर मला काय हवं ते बोला. पण आता माणसं हलवा. आणि मू-शेंग काका देवळामागे आहेत. फोन लागत नाही त्यांचा."

"भोंगा ऐकला असेल ना त्यानं."

"ऐकला असेल. पण ते देवाला सोडून येतील का?"

सरपंच अगदी वेगळ्या, घरगुती सुरात पुटपुटले, "नाही येणार. कौल लावत बसेल तो म्हातारा. देवानं हो म्हटल्याशिवाय मूर्ती हलवायची नाही, मूर्ती हलल्याशिवाय हा हलायचा नाही." आणि फोन बंद झाला.

पुढचा काळ वान-जूने खिडकी आणि संगणक यांच्यामध्ये घालवला. खिडकीतून काही दिसत नव्हते. संगणकावर काही बदलत नव्हते. मग पुलाकडून विजेऱ्यांचे पिवळे ठिपके येऊ लागले. माणसे येत होती, पाठीवर लेकरे, हातात पिशव्या, आणि येता येता तिच्या खिडकीकडे पाहत होती. त्या नजरांत कृतज्ञता नव्हती. एक बाई मोठ्याने म्हणाली, "भात चुलीवर ठेवून आले मी. करपला तर हिच्याकडूनच घेणार." कोणी हसले नाही. सगळे त्याच पायऱ्या चढत होते. सरपंच त्यांच्यात नव्हते. मू-शेंग काका नव्हते.

दहावा ठिपका तांबडा झाला.

मुद्रा नवी, निरोप स्वच्छ: उतार सरकत आहे. पाठोपाठ नववा. मग आठवा. नियमाची पूर्तता झाली होती. क्षणभर ती नुसती पाहत राहिली, कारण आता सगळे खरे होते आणि दोन माणसे वर होती. मग दहावा विझला. नववा विझला. वरून खाली, जणू कोणी दिवे मालवीत येत होते, तसे कान एकामागून एक मुके झाले, आणि नंतर तो आवाज आला. तो कानांनी ऐकण्याचा आवाज नव्हता. शाळेची जमीन, भिंती, खिडकीची तावदाने, सगळे एकदम गुरगुरले. व्हरांड्यातली माणसे बोलायची थांबली. एक लहान मूल रडू लागले आणि त्याच्या आईने त्याचे तोंड आपल्या खांद्यात दाबले.

वान-जू पायऱ्या उतरून पुलाकडे धावली. कोणीतरी तिला मागून धरले. ती हिसडा देऊन पुढे गेली, पुलाच्या तोंडाशी थांबली. पलीकडे पाहण्यासारखे काही नव्हते, फक्त ओल्या मातीचा आणि मुळांचा उग्र वास. तिने काकांना हाक मारली. तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही.

धुक्यातून एक आकृती आली. ती फार उंच दिसत होती, कारण ती दोघांची होती. सरपंच श्ये छातीपर्यंत चिखलात माखलेले होते. त्यांच्या पाठीवर मू-शेंग काका, आणि काकांच्या कवेत, त्यांच्याच रेनकोटात गुंडाळलेली, हातभर उंचीची मूर्ती.

"तीनदा लावला," काका रडवेल्या रागाने सांगत होते. "तीनदा नाहीच म्हणाला देव. चौथ्यांदा लावणार होतो, तर यानं कौलाचे ठोकळेच लाथेनं उडवले. देवाच्या पुढ्यात लाथ मारली, सांगतो तुला."

"मारली," सरपंच धापा टाकत म्हणाले. "देवाला म्हटलं, तुला राग येईल तो माझ्यावर काढ, आमच्या घरचा हिशेब तुला माहीत आहे. चल आता." शाळेपाशी येऊन त्यांनी काकांना पायरीवर ठेवले आणि स्वतः भिंतीला टेकून उभे राहिले.

वान-जूने काकांचे दोन्ही हात धरले. ते गार होते, आणि चिखलाने माखलेले, आणि त्यांची बोटे हलत होती.

"घर बसवलं होतं गं नीट," काका तिला हळूच म्हणाले. "दोरानं बांधलं. सगळं गेलं."

बराच वेळ गेल्यावर सरपंचांनी तिच्याकडे पाहिले. दोघांमध्ये हिवाळ्यापासून जे उभे होते ते अजून उभेच होते. अशा गोष्टी एका दुपारीत जात नाहीत.

"भोंगा वाजवलात," ते म्हणाले, "तेव्हा खात्री होती तुम्हाला?"

"नाही."

"आणि माझी आई गेली तेव्हा?"

"तेव्हा पुरेपूर होती," वान-जू म्हणाली. "मुद्रा अस्सल होती."

श्ये यांनी मान हलवली. मग त्यांनी वाकून काकांची ओली चप्पल काढली, दुसरी शोधली, ती पायात नव्हती, आणि म्हाताऱ्याचा उघडा पाय आपल्या दोन्ही हातांत घेऊन चोळू लागले. आत आल्याचे गरम पाणी कोणीतरी करत होते. पावसाचा जोर तसाच होता. खोऱ्यात पुढे अजून एक गाव होते, त्याच्या माथ्यावर आणखी एक डोंगर, आणि त्याचेही कान याच केंद्राला जोडलेले. वान-जू उठली, भिंतीचा आधार घेत वर्गात परतली, आणि त्या गावाच्या नाकारलेल्या निरोपांची पेटी उघडून पहिल्या ओळीपासून वाचू लागली.